आभाळातला म्हणून जपलेला धोंडा

कॉलेजात दगड शिकवणाऱ्या बाईला रविवार नसतो. लोक पिशवीत दगड घालून दारात येतात आणि प्रत्येकाला तो आभाळातूनच पडलेला हवा असतो. पण दोन हजार चार-पाचच्या मार्चमध्ये माझी विद्यार्थिनी संगीता म्हणाली, आजोबांचा धोंडा आणण्यासारखा नाही, तुम्हीच आमच्या बंजारा तांड्यावर या. घाईही होती. तिच्या आजोबांनी, धनसिंगकाकांनी, तो चाळीस वर्षं अंगणात जपलेला. आता त्यांचा मुलगा, मोहन, नवं घर बांधत होता. उल्का नसेल तर धोंडा पायाच्या भरावात टाकायचा, असं बापलेकात ठरलं होतं.

नांदेडहून वसमतला एसटीनं तासभर. स्टँडबाहेरची भजी झकास, चहा मात्र नुसता पाक. पुढे हट्ट्यापर्यंत काळीपिवळी. दहा रुपयांत एका मांडीपुरती जागा मिळते. जाणार असाल तर याच दिवसांत जा. रस्त्याकडेला हळद शिजत असते आणि तो वास ओढणीला चिकटून घरापर्यंत येतो. हट्ट्याहून तांडा दोन किलोमीटर, पायी.

धोंडा निंबाखाली होता. न सोललेल्या नारळाएवढा, काळपट, पण उचलायला दोन्ही हात लागले. काकांना तो नांगरताना सापडला होता. "सगळ्या शिवारात असा दुसरा न्हाई. मग वरूनच आला ना?" त्यांचा तर्क काही वाईट नव्हता.

चुंबक थोडा ओढला गेला, पण आपला साधा काळा दगडही चुंबकाला ओढतो. मग मी चहाचा रिकामा कप उलटा केला आणि बुडाची खरखरीत कड धोंड्यावर घासली. उल्केची अशी रंगीत रेघ सहसा उमटत नाही. इथे कडेवर विटकरी लाल रेघ आली. मला खोटं बोलावंसं वाटलं. उगाच आणखी दोनदा घासून पाहिलं.

"काका, हे लोखंडाचं खनिज आहे. आभाळातलं नाही."

मोहन धोंडा उचलायला वाकला तशी मी घाईनं म्हणाले, की हा इथलाही नाही, आपल्या काळ्या दगडात असलं खनिज सापडत नाही, कुणीतरी लांबून आणलेला असणार.

चुलीपाशी काकू भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. कोणत्या शेतात सापडला होता, त्यांनी काकांना विचारलं. खालच्या. मग त्यांनी सासूकडून ऐकलेलं सांगितलं. तांड्याचे लोक बैलांवर मीठ, धान्य वाहायचे तेव्हा एका बाजूची गोणी हलकी पडली की तिकडे धोंडा बांधायचे. वाहतूक बंद झाली तेव्हा बैल शेवटचे सोडले ते खालच्याच शेतात.

"वजं बराबर करायचा धोंडा असंल त्यो," काकू म्हणाल्या.

असेलही, पण सिद्ध करता येणार नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. गरम भाकरी, ठेचा, कांदा. जेवण इतकं चांगलं होतं की मला जास्तच अपराधी वाटलं.

कॉलेजच्या कपाटात अस्सल उल्केचा नखाएवढा तुकडा आहे. परतल्यावर कित्येक दिवस तो बाहेर काढायची इच्छा झाली नाही. चाळीस वर्षांचं आभाळ मी एका कपानं पुसून आले होते.

पावसाळ्यानंतर संगीतानं फोन लावून दिला. घर झालं होतं. धोंडा भरावात गेला नव्हता, ओट्यावर दारापाशी बसवला होता. वाईट वाटलं का, मी काकांना विचारलं.

"आभाळातलं आपसूक पडतं, मॅडम. हा आमच्या मान्सांनी आणलाय."