अलकाची आखाजी

बुऱ्हाणपुरात निर्मलाबाईंना अर्धांग झालं, तेव्हापासून त्यांचं सगळं कामाला ठेवलेली अलकाच करायची. आंघोळ, गोळ्या, वेणीफणी, कुशी बदलणं. तिकडं गावी, तुकईथडला, अलकाची स्वतःची मायही अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं कविता वहिनी करायची. त्यापायी वहिनीनं कापूस वेचायला जाणं सोडलं होतं, आणि तिची बुडालेली मजुरी अलका आपल्या पगारातून भरून द्यायची. दुसरीची आई सांभाळली, तरच आपली सांभाळली जायची. व्यवहार चोख होता, नावं ठेवायला जागा नव्हती. पण बाईंच्या पाठीला साबण लावताना अलकाला मायची पाठ आठवायची आणि तिचा जीव तुटायचा. एकदा तरी मायला आपल्या हातानं न्हाऊ घालायचं, एवढंच तिला हवं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. बाईंची रश्मीही इंदूरहून आली, तशी अलकानं पिशवी भरली. रश्मी दारातच आडवी आली.

"अलकाताई, रुक जाओ ना. मम्मी माझ्या हातून खातच नाही. डबल पैसे देते मी."

"ताई, मलाबी माय आहे," अलका म्हणाली आणि चालू लागली. मालकिणीला एवढं तोंड वर करून ती पहिल्यांदाच बोलली होती.

तुकईथडला दारच्या निंबाला माहेरवाशिणींसाठी आखाजीचा झोका बांधला होता. अलकानं आल्याआल्या पाणी तापवलं, पदर खोचला. खाटेवरून माय म्हणाली, "ठेव ते. बस तिथं."

"माय, आज मी घालते तुला आंघोळ."

"आखाजीला आलेली लेक कामाला हात लावते का कधी? वर्षभर परक्याचं हागणंमुतणं काढते वं तू. इथंबी तेच करशील? कविता, हिला झोक्यावर बसव."

"हे काम नाही, माय."

"मग काय आहे?"

अलकानं बादलीत हात घालून पाणी पाहिलं. ज्याचा महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, त्याला काम नाही तर काय म्हणायचं? आणि मायच्या आवाजात माया एवढी होती, की भांडायचीही सोय नव्हती.

वहिनीनं बादली उचलली. सरावानं मायच्या पाठीमागं हात घालून तिला बसतं केलं. मायनं डोळे मिटून तिच्या खांद्यावर मान टाकली. निर्मलाबाई अलकाच्या खांद्यावर टाकायच्या, अगदी तशी.

अलका झोक्यावर जाऊन बसली. माहेरवाशिणीचा सगळा मान मिळाला होता तिला. पदरात तोंड घालून ती रडली.