चार जबड्यांचा चक

माझ्या नवऱ्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. सदरा घालायचा तर मी बाही धरते, मग ते हात घुसवतात. शेजारणी म्हणतात, खरादीचं कामच तसं बाई, खांदे जायचेच. मी मान हलवते. खरं काय ते मला माहीत आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी बारा वर्षं खवखव सोसली, आता लिहून टाकते.

सिंदेवाहीला आमचं खरादीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराच्या पडवीत मोटारीवर फिरणारी, लाकूड कातायची एक खराद आणि आरामशिनीतून कापून आणलेल्या सागाच्या चौकोनी ठोकळ्यांचा ढीग. लाटणी, खुंट्या आणि कुंकवाचे करंडे, हा माल. लाटणं खरादीवर दोन्ही टोकांनी पकडता येतं. करंडा आतून कोरायचा, म्हणून तो एकाच टोकाला घट्ट धरावा लागतो. त्यासाठी हे लाकडाची खोबण करायचे आणि तिच्यात ठोकळा ठोकून बसवायचे. अर्ध्या कामात तो सुटायचा आणि भणाणत भिंतीवर जायचा. एकदा माझ्या कानाजवळून गेला, तेव्हा मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ‘तुह्या तोंडाले हाड नाई,’ हे हसून म्हणाले, पण लाकूड पकडायला लोखंडी चक घ्यायचा हे त्याच दिवशी ठरलं.

तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीला नागपुरात मुलगी झाली. लग्नसराई तोंडावर आलेली, यांना काम सोडून हलता येत नव्हतं. ‘बारशाले चालली तर चक तूच घेऊन येजो,’ म्हणाले. मग मला समोर बसवून समजावलं. तीन जबड्यांचा चक फक्त गोल लाकूड धरतो. चार जबड्यांच्या चकात प्रत्येक जबडा वेगळा सरकतो, म्हणून चौकोनी ठोकळाही बसतो. ‘आपले ठोकळे चौकोनी. चार जबड्याचाच आणजो. समजलं ना?’

‘मले काऊन नाई समजन? तुमी चौथी, मी धावी पास हावो.’

‘होव वं मास्तरीनबाई,’ म्हणाले आणि चक खरादीच्या दांड्यावर बसावा म्हणून त्या मापाचा एक नट माझ्या रुमालाच्या कोपऱ्यात बांधून दिला.

मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी नागपूरला निघाले होते. नागभीडहून छोट्या गाडीत बसले, ती रमतगमत दुपारी पोचली. गाडीत दर स्टेशनाला मी रुमालाची गाठ चाचपायची.

बारसं झालं आणि परतीच्या दिवशी मी इतवारीतल्या दुकानात गेले. अंगावर बहिणीनं दिलेली नवी मोतिया रंगाची साडी. नट काढून दाखवला आणि ऐटीत म्हणाले, चार जबड्यांचा चक द्या. दुकानदारानं आतून काढून आणला आणि धाडकन जमिनीवर ठेवला. काळाकुट्ट, ग्रीसनं लडबडलेला. ‘बहनजी, ये आपसे नहीं उठेगा,’ म्हणाला आणि शेजारी तीन जबड्यांचा ठेवला. तो लहान, हलका, चकचकीत, डब्यातला. एक किल्ली फिरवली की तिन्ही जबडे एकदम जवळ येत. ‘आजकल सब यही लेते हैं.’

मी त्या काळ्या चकाकडे पाहिलं. मग साडीकडे पाहिलं. रोज विहिरीवरून डोक्यावर एक आणि कमरेवर एक हंडा आणणारी मी, पण त्या चकाला मी बोटसुद्धा लावलं नाही. तीन जबड्यांचा डबा पिशवीत घातला आणि निघाले. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली म्हणून खूशही होते. लाज वाटते आता सांगायला.

घरी यांनी डबा उघडला, जबडे मोजले आणि माझ्याकडे पाहिलं. ‘तीनच?’

एवढंच म्हणायचं होतं की जड होता, नाही आणला. यांनी हूं केलं असतं, पुढच्या महिन्यात स्वतः जाऊन बदलून आणला असता. पण मास्तरीणबाईला ते बोलवलं नाही. मी म्हणाले, ‘चाराचा येतच नाई आता. बंद झाला म्हणे. सारं नागपूर पालथं घातलं मी.’

‘असं का?’ हे म्हणाले. ‘तुले लय पायपीट झाली मंग. जाऊ दे, ठोकळे गोल करून घेऊ. काय होते त्याले!’

काय होते त्याले! दुसऱ्या दिवसापासून हे पहाटे उठून वाकसानं ठोकळ्यांचे कोपरे तासायला बसले. हात वर, हात खाली. एका करंड्याला चार कोपरे, आणि लग्नसराईत करंडे किती! वाकसाचा तो ठक ठक आवाज मी चूल फुंकताना ऐकायची. कधी हे मध्येच थांबून खांदा दाबायचे, मी तेल गरम करून चोळून द्यायची. तेवढंच माझं प्रायश्चित्त! मोठी पुण्यवान बाई!

तरी ते खोटं घरातच राहिलं असतं. पण मागच्या गल्लीत यांचे जिवलग दोस्त राहायचे. मुसलमान, तेही खरादी, खाटेचे पाये करायचे. मला भाबी म्हणायचे, मी त्यांना भाऊ. दोघांचा चहा रोज सोबत टपरीवर. एक दिवस हे टपरीवरून आले ते लाल होऊन. भाऊ म्हणाले होते, चार जबड्यांचा चक इतवारीत मिळतो, मी डोळ्यांनी पाहिला. हे म्हणाले, माझी बायको सारं नागपूर फिरून आली, ती खोटं बोलते का? शब्दानं शब्द वाढला.

‘चार लोकांत त्याले झूटा म्हटलो,’ हे म्हणाले. ‘माह्या बायकोवर बोलते साला!’

माझी तव्यावरची पोळी जळली. तेव्हाही मी बोलले नाही.

पंधरा दिवसांनी भाऊ आमच्या दारात आले. हे आरामशिनीवर गेले होते. भाऊंच्या खांद्यावर पोतं. त्यांनी ते ओट्यावर उतरवलं आणि तोंड सोडलं. आत तोच काळा, चार जबड्यांचा चक. भाऊंच्या कामाला चक लागतच नव्हता. यांच्यासाठी नागपूरहून आणला होता.

‘भाबी, दोस्ताले दाखवा. म्हणा, मी झूटा नाई.’

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. तोंडाला हाड नसलेली बाई, पण त्या दिवशी आवाज खाली आणून बोलले. ‘भाऊ, त्याईले दाखवू नोका. तुमच्या पाया पडतो.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं. पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं, खांद्यावर घेतलं. ‘मी आलोच नव्हतो समजा,’ म्हणाले आणि गेले. त्यांना मी जाऊ दिलं. टपरीवर ते झूटे ठरले ते ठरलेच. दोघं पुन्हा बोलले नाहीत. पुढे भाऊ खराद विकून राजुऱ्याला लेकीकडे राहायला गेले. निघायच्या दिवशी त्यांचा सामानाचा टेम्पो आमच्या दारावरून गेला, हे पाठ करून बसले होते. मी खिडकीतून पाहत होते. पोतं त्या सामानात असेल, हाच विचार डोक्यात.

वर्षं गेली. गावात मोबाईल आले, प्लास्टिकचे करंडे आले, काम कमी झालं आणि यांचा हात वर जायचा थांबला. चंद्रपूरला डॉक्टरला दाखवलं. त्यांनी विचारलं, काम काय करता? हे डाव्या हातानं वाकस मारून दाखवायला लागले. ‘पयले तासून गोल करा लागते साहेब. चार जबड्याचा चक मिळतच नाई ना.’

बारा वर्षांनीसुद्धा माझं खोटं ते खरं म्हणून सांगत होते, तेही डॉक्टरला! मला तिथे बसवेना.

एसटी स्टँडच्या बाकावर मी सगळं सांगितलं. साडी सांगितली, ग्रीस सांगितलं, भाऊंचं पोतं सांगितलं. वाटलं, ओरडतील, चार शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. यांनी खांद्याचं नावही काढलं नाही. म्हणाले, ‘त्याले मी झूटा म्हटलो. चार लोकांत.’ मग औषधांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, ‘तू घरी जाय,’ म्हणाले आणि राजुऱ्याच्या गाडीत चढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. डाव्या खांद्यावर पोतं. भाऊंनी चक इतकी वर्षं ठेवला होता, दर पावसाळ्याआधी तेल लावून. यांना पाहून म्हणाले होते, ‘भाबीनं सांगतलं का एकदाचं?’ आणि लेकीला चहा मांडायला लावला.

मग यांनी पोतं ओट्यावर सोडलं. खराद तर आम्ही कधीच बंद केली होती. मला वाटलं, चक आता कुठे ठेवायचा ते विचारतील.

‘उचल,’ म्हणाले.

मी पदर खोचला. वाकले, दोन्ही हात खाली घातले आणि उचलला. जड होता, नाही असं नाही. पण पन्नाशीला आलेल्या माझ्यानं तो उचलला गेला. ओट्यावरून अंगणातल्या तुळशीपर्यंत नेला आणि परत आणून ठेवला. हाताला नुसता तेलाचा डाग.

‘दुकानापासून टेसन किती दूर होतं वं?’ यांनी विचारलं.

‘दुकानासमोरच रिक्षा उभी होती,’ मी म्हणाले.