फिल्टर सुटला त्या दुपारी

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर काही महिन्यांनी मी देवाशी बोलणं टाकलं. दिवा लावत होते, फुलं वाहत होते, पण केर काढावा तसं, हाताच्या सवयीनं. लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हापासून दर सोमवारी महादेवाच्या देवळात जायचा माझा नेम होता, तोही मोडला. किती मागायचं आणि कुणाकडं, असं झालं होतं. तसं बघितलं तर ह्यांच्यात सुधारणा होती. काठी घेऊन घरातल्या घरात चालायचे, बोलणं जड का होईना पण कळण्याइतकं आलं होतं. उजवा हात मात्र हलेना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला होता, तो ह्यांनी एक दिवस डाव्या हातानं खिडकीबाहेर फेकून दिला आणि त्यानंतर जवळजवळ बोलणंच सोडलं. एखाद्याचं शरीर आजारी असलं तर सेवा करता येते. मन बसलं की काय करायचं ते मला कळत नव्हतं.

हे कारखान्यात फिटर होते. सगळी नोकरी मशिनी खोलण्यात आणि जोडण्यात गेली. आमची जुनी लाल गाडी त्यांनी कधी गॅरेजला नेली नाही. सुट्टीच्या दिवशी इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत चादर अंथरून ते गाडीखाली शिरायचे, आणि जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा. आजारपणापासून गाडी तिथंच, आमच्या तळमजल्याच्या खिडकीसमोर, धूळ खात उभी होती. हे दिवसभर तिच्याकडं बघत बसायचे. मला वाटायला लागलं, त्या बघण्यानंच माणूस खंगतोय. बदलापूरच्या लेकीशी बोलले, तिनं विकायची म्हणून मोबाइलवर गाडीचे फोटो टाकले. ह्यांना विचारलं तेव्हा "वीक" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

गिऱ्हाईक यायचं ठरलं तो सोमवार होता. लेक सकाळीच येऊन ह्यांच्यापाशी बसली, मी भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि कशी कोण जाणे, देवळापाशी पोचले. तिथं गाभारा खाली आहे, दगडी पायऱ्या उतरून जावं लागतं. आत गारवा होता, अंधार होता, गर्दी नव्हती. हात जोडले, पण मागायला काही सुचेना. "माझ्याच्यानं नाही होत आता," एवढंच तोंडातून आलं. ना रडू आलं, ना हलकं वाटलं. वर आले, मेथीची जुडी घेतली आणि घरी आले. लेक कामावर गेली.

दुपारी गिऱ्हाईक आलं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधले सिंधी गृहस्थ, जीन्स शिवायचा त्यांचा छोटा कारखाना. गाड्यांचा भारी नाद. स्कूटरवरून येताना नवीन ऑइलचा डबा, नवा फिल्टर, पाने, सगळं घेऊनच आले होते.

"वहिनी, गाडी इतके महिने खडी आहे ना? जुन्या ऑइलवर मी चालवणार नाही, इंजिनला त्रास," ते म्हणाले. "इथंच बदलतो, मग एक चक्कर मारतो. पटली तर घेऊन जातो."

त्यांनी गाडीखाली घमेलं सरकवलं आणि खालचा बोल्ट काढून काळंभोर ऑइल सोडून दिलं. मग बॉनेट उघडून फिल्टरला हात घातला. डबीसारखा असतो तो, इंजिनच्या अंगाला आट्यांवर बसवलेला. फिरवला की सुटतो. हा काही सुटेना. हातानं झालं नाही, फडकं धरून झालं नाही. शेवटी त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर ठोकून डबीच्या आरपार घातला आणि जोर लावला, तर पत्राच टरकन फाटला आणि फिल्टर होता तिथंच राहिला.

"एकदम जाम बसलाय," ते घाम पुसत म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. जुनं ऑइल काढून टाकलेलं, फिल्टर फाटलेला. आता गाडी सुरू करायचीही सोय नव्हती. मला मनातून चीड आली. इतकं साधं विकायचं काम, तेही धड होऊ नये?

तेवढ्यात मागं काठी वाजली. हे दाराबाहेर आले होते. आजारपणानंतर दवाखान्याखेरीज पहिल्यांदाच. मी धरायला धावले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. गाडीपाशी आले, बॉनेटवर वाकून आत बघितलं.

"कमरेचा पट्टा काढा," ते त्या गृहस्थांना म्हणाले.

त्यांना आधी कळेना, मग एकदम कळलं. "अरे हां, काका!" म्हणत त्यांनी पट्टा काढला. स्कूटरच्या डिकीत जीन्सच्या कापडाचे तुकडे होते, त्यातला एक फिल्टरच्या बुडाशी गुंडाळला, त्यावर पट्ट्याचा फास घातला. ओढलं की फास आवळावा आणि फिल्टर फिरावा, असा बेत. पण ओढलं की पट्टा घसरून फाटक्या पत्र्यावर यायचा. कुणीतरी पलीकडून तो जागेवर दाबून धरायला हवा होता, आणि तिथं जागा इतकी चिंचोळी की त्यांचा जाडजूड पंजा आत जाईना. मी बांगड्या मागं सारून हात घालायला पुढं झाले.

"तू नको. सरक," हे म्हणाले.

मी सरकले. ह्यांनी काठी मला दिली. डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाशी उचलला आणि एखादं हत्यार ठेवावं तसा त्या फटीत आत सोडला. आजारानं हात इतका वाळला होता, की तो सहज आत गेला. मग ते डोळे मिटून नुसते उभे राहिले. कपाळावरची शीर फुगली होती. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, म्हणून हाताचं काय झालं ते मला दिसलं नाही.

"ओढा," ते म्हणाले.

"जय झूलेलाल!" म्हणत त्या गृहस्थांनी पट्टा ओढला. काहीतरी करकरलं. "परत," हे म्हणाले. पुन्हा ओढला, आणि फिल्टर फिरला. उरलेलं ऑइल ह्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. थोडा थोडा फिरवत तो पूर्ण सुटला, तेव्हा ह्यांनी डाव्या हातानं उजवा हात धरून बाहेर काढला. त्यात फिल्टर होता. पाची बोटं त्याच्याभोवती मिटलेली होती.

"सुटत नाहीये आता," हे म्हणाले आणि हसले. किती दिवसांनी हसले! मी एकेक बोट उलगडून तो फिल्टर काढून घेतला.

नवा फिल्टर बसवून, ऑइल भरून त्या गृहस्थांनी गाडी सुरू केली. ह्यांनी कान देऊन आवाज ऐकला, मान डोलावली. ते गृहस्थ गाडीत बसले, चक्कर न मारताच उतरले आणि चावी ह्यांच्या डाव्या हातात ठेवली. "काका, बुरा मत मानो. ही गाडी मी नाही नेणार. हिला मालक आहे." ऑइलच्या पैशांचं विचारलं, तर हात जोडून स्कूटरला किक मारली.

व्यायामाच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, होतं असं कधी कधी. मनानं घेतलं की हात ऐकतो. असेलही. मी वाद घालत नाही. हात पूर्ण बरा झाला असंही नाही. अजून बरंचसं डाव्यानंच चालतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी स्वतः तो मी उचलून ठेवलेला चेंडू मागितला. सोमवारी मी पुन्हा देवळात जाते, मागण्यापेक्षा बसून राहते जास्त. त्या दुपारी देवानं काय केलं ते मला सांगता येणार नाही, पण माझ्याकडून एकच गोष्ट करून घेतली, मला बाजूला केलं. ह्यांचं सगळं मीच उचललं होतं, त्यांची इच्छासुद्धा. त्यालाच सेवा समजत होते मी. मी आड उभी असताना कृपेनं तरी कुठून आत यावं?

गेल्या महिन्यात ते कॅम्प पाचवाले गृहस्थ पत्नीला घेऊन आले होते. चहाचं भांडं मी बाहेर आणलं, तर ह्यांनी ते उजव्या हातात घेतलं आणि पाहुण्यांच्या कपात ओतायला लागले. अर्धा चहा कपात, अर्धा बशीत, थोडा टेबलावर. पूर्वीची मी फडकं घेऊन धावले असते. मी बसून राहिले. सगळे कप भरेपर्यंत बसून राहिले, आणि मनातल्या मनात हात जोडले.