पहिल्या रांगेतील रिकाम्या खुर्च्या

आमच्या कंपनीच्या तिळावरचा सिंगापुरातला बहिष्कार डिस्काउंट दिल्यामुळे उठला, असे आमचे तेव्हाचे डायरेक्टर आजही प्रत्येक स्नेहसंमेलनात सांगतात. हे साफ खोटे आहे. सिंगापूर ऑफिसचा प्रमुख मी होतो आणि वाटाघाटी मी केल्या. डायरेक्टर मुंबईत होते.

चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात इथे पितरांसाठी उघड्यावर गाण्यांचे कार्यक्रम होतात. पहिली रांग पितरांची असते. तिथे जिवंत माणसाने बसायचे नसते. तोआ पायोह भागातल्या, चिनी व्यापाऱ्यांच्या संघटनेने ठेवलेल्या अशाच एका कार्यक्रमाला आमचा सेल्स मॅनेजर निखिल निमंत्रित होता. तो पुण्याहून नुकताच आला होता. पुढची रांग रिकामी दिसली, तर यजमानांना वाईट वाटेल, म्हणून तो तिथे मधोमध जाऊन बसला!

पितरांचा अपमान झाला, म्हणून दुसऱ्याच दिवशी संघटनेने आमचा तीळ घेणे बंद केले. कंटेनर बंदरात अडकले.

डायरेक्टरांचा फोन आला. "डिस्काउंट द्या. तेवढ्याने भागले नाही, तर निखिलला काढा."

नोकरी गेली, की एम्प्लॉयमेंट पासही जातो, म्हणजे देश सोडावा लागतो. निखिलची पत्नी गरोदर होती.

मी पाया लेबारला संघटनेचे अध्यक्ष मिस्टर लिम यांच्याकडे गेलो.

"डिस्काउंट नको. त्या माणसाला घालवा," ते म्हणाले. "माझ्या आजोबांनी चीनमध्ये, कँटनला ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला होता. तुमच्या तिळाचे काय एवढे, लाह!" वाक्याला त्यांनी खास सिंगापुरी शेपूट जोडले.

"आमच्या आजोबांनी ब्रिटिश कापडाची होळी केली होती. बहिष्कार मला शिकवू नका."

ते हसले. मी लगेच विचारले, "निखिल बसला, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"त्याच्याच मागे."

"मग उठवले का नाही?"

"पाहुण्याला कसे उठवणार?"

"रात्री पाहुणा होता, तर सकाळी गुन्हेगार कसा झाला?"

लिम यांनी स्वतः माझ्यासाठी चहा ओतला. "महिन्याचा शेवटचा कार्यक्रम बाकी आहे. पहिली रांग कोण राखणार?"

"निखिल."

निखिलने ती चोख राखली. उशिरा आलेले लिम यांचे जावई पुढे घुसू लागले, तेव्हा त्याने हात जोडून त्यांना मागे पाठवले. सगळा मंडप हसला. सर्वांत मोठ्याने लिम हसले. सकाळी पूर्ण भावाने ऑर्डर आली.

"किती डिस्काउंट दिलात?" डायरेक्टरांनी विचारले.

"काहीही नाही."

परदेशी पाठवताना आमच्या अधिकाऱ्यांना करार, कर, विमा, सगळे शिकवतात. कुठे बसू नये, तेवढे शिकवायचे राहते.