मेपल रनची यजमानीण

मेपल रन अपार्टमेंट्समधली मराठी कुटुंबं एकेक करून कमी होत गेली, तेव्हा कुणीही हळहळलं नाही. प्रत्येकाच्या जाण्यावर पेढे वाटले गेले. २००१ साली अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्या तांबड्या विटांच्या इमारतींत अकरा मराठी बिऱ्हाडं होती. एका बाल्कनीतून दुसऱ्या बाल्कनीला हाक मारून कढीपत्ता मागता येत असे. मग ग्रीन कार्डं आली, बढत्या आल्या, कर्ज देणाऱ्यांचे फोन यायला लागले आणि मंडळी भराभर उठली. कुणी तळ्याकाठी गेलं, कुणी गोल्फच्या मैदानाकडेला. २००६ च्या उन्हाळ्यात एकच बिऱ्हाड उरलं होतं: पद्मजा आणि चंद्रशेखर वझलवार, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

"इथल्या पेपरात रोज छापून येतं, मिडल क्लास आकसतोय म्हणून," उल्हासकाका म्हणत. काका चाळीस वर्षांपूर्वी शिकायला आलेले, टेलिफोनच्या यंत्रांवर नोकरी करून निवृत्त झालेले आणि मराठी मंडळाचे न निवडलेले अध्यक्ष. "आकसतोय कसला? मेपल रनमधून उठून गोल्फ कोर्सवर जाऊन बसलाय. मोजणाऱ्यांना नवा पत्ता कळवला नाही कुणी, एवढंच."

काकांच्या सिद्धांतात एक अडचण होती. ती दर वर्षी भाद्रपदात उगवायची.

मंडळाचा गणपती मेपल रनच्या क्लबहाउसात बसत असे. शंभर-सव्वाशे माणसं मावतील असा हॉल, मागे ओटा आणि सिंक, बाहेर पोहण्याचा तलाव, आणि भाडेकरूंना तो फुकट. मंडळींची घरं आता मोठमोठी झाली होती, पण त्यातल्या एकातही गणपती बसवायला कुणी तयार नव्हतं. कारण एकच, आणि ते सगळ्यांच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेलं होतं: फिकट क्रीम रंगाचं कार्पेट. मेपल रन सोडून गेलेल्या चारुताने तर वास्तुशांतीला पाहुण्यांना हळद-कुंकू पोर्चमध्येच लावलं होतं. दोन माणसं पाहुणी आली तरी ज्या खोलीत कुणी बसत नसे, तिला ती 'फॉर्मल लिव्हिंग' म्हणायची.

तेव्हा मेपल रनमध्ये कुणीतरी राहणं भाग होतं. हॉल फक्त भाडेकरूच्या नावावर मिळायचा. सोडून जाणाऱ्याने गणपतीची ट्रंक मागे राहणाऱ्याच्या हवाली करायची, अशी रीत पडली होती. ट्रंकेत मखर, समया, झांजा आणि गेल्या कैक वर्षांच्या थर्मोकोलच्या कमानी. ती फिरत फिरत वझलवारांच्या बाल्कनीतल्या कपाटात येऊन थांबली. पुढे जायला दारच नव्हतं.

"पद्मजा, घर बघताय म्हणे," काकांचा फोन आला. "छान छान. पण गणपतीनंतर हं."

"हो काका."

"यंदा चतुर्थी चक्क रविवारी आलीये. असा योग यायचा नाही."

"हो काका."

मग मंडळातल्या सुहासिनीकाकूंचा, मग चारुताचा. चारुता म्हणाली, "अगं, मार्केट थोडं खाली येईल, थांब." ती स्वतः थांबली नव्हती.

पद्मजाला मात्र घर हवं होतं, आणि ते आता हवं होतं. मूळची पुण्याची, एका औषध कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. सहा वर्षांत तिला भिंतीत एक खिळा ठोकता आला नव्हता. मिक्सर लावला की खालच्या मजल्यावरून छताला झाडूचा दांडा वाजायचा. लोकांच्या वास्तुशांतीला तिने इतके नाइट लॅम्प भेट दिले होते की दुकानातली बाई तिला ओळखायला लागली होती. त्यात बिल्डरने, आजवर कुठल्याही बिल्डरने केलं नसेल ते केलं: घर वेळेआधी पुरं केलं. जुलैअखेर सह्या करा आणि किल्ली घ्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

"काकांना काय सांगायचं?" चंद्रशेखर म्हणाला. तो नागपूरचा, स्वभावाने मऊ. तो प्रत्येकाला 'बघतो ना' म्हणत असे आणि मग खरोखर नुसता बघत बसे.

"सांगायचं काय त्यात? हॉल मी फेब्रुवारीतच माझ्या नावावर बुक केलाय. कागद आहे माझ्याकडे. आपण कुठेही राहू, बुकिंग ते बुकिंग."

आणि तिने सह्या केल्या. नव्या घरात गेली त्याच संध्याकाळी तिने पाच खिळे ठोकले. टांगायला एकच तसबीर होती. चौथीतली लेक नेत्रा रिकाम्या खोल्यांतून सुसाट पळत ओरडत होती, "आई, वी हॅव ॲन एको!" चंद्रशेखर क्रीम कार्पेटवर आडवा पडून छताकडे पाहत हसत होता. सगळ्या फोनवाल्यांना पद्मजाने एकच उत्तर दिलं: बुकिंग केलंय, काळजी नको.

चतुर्थी दोन आठवड्यांवर आली तेव्हा तिने किल्ली कुठून घ्यायची ते विचारायला मेपल रनच्या ऑफिसात फोन लावला. तिथली मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, तुम्ही आता इथे राहत नाही, त्यामुळे तुमचं बुकिंग आपोआप रद्द झालेलं आहे. त्या दिवशी जो भाडेकरू असेल त्यालाच हॉल, आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्याने तिथे हजर राहायचं. कागदाच्या मागच्या बाजूला आहे सगळं.

पद्मजाने कागद उलटला. होतं. जगाच्या चुका पकडणाऱ्या बाईने कागदाची मागची बाजू पाहिली नव्हती.

देवळाचा हॉल त्या रविवारी मिळणं शक्यच नव्हतं. शाळेचं कॅफेटेरिया महिनाभर आधी सांगावं लागे. आमंत्रणं गेली होती, पुण्याहून मूर्ती कुणाच्या तरी मांडीवर बसून विमानाने आली होती, मोदकांची पारी कुणी वळायची यावरून दोघींचं वाजूनही झालं होतं. यापुढे कॅरीत तिची ओळख काय राहणार ते पद्मजाला स्पष्ट दिसलं. वझलवारांच्या पद्मजाने घर घेतलं आणि गणपती घालवला. वीस वर्षं हेच ऐकायचं.

"स्वतःच सांगून टाक काकांना," चंद्रशेखर म्हणाला.

"सांगते. आधी ट्रंक तरी घेऊन येऊ."

कारण ट्रंकही मागेच राहिली होती. बाल्कनीच्या कपाटात जे पडून राहतं ते भिंतीचा भाग होऊन जातं. सामान हलवणाऱ्यांनाही दिसलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरचं दार पंचावन्न-साठीच्या एका उंच, रुंद बाईने उघडलं. चष्मा केसांत खोचलेला, हातात मंडळाची झांज.

"तुमचीच का ही?" ती म्हणाली. "माझी समजूत, आधी इथे बँडवाले राहत होते."

तिचं नाव डार्लीन. तिने पद्मजाला आत बसवलं, गोड बर्फाळ चहा दिला आणि आपण होऊन सांगायला लागली. एका विमा कंपनीत चोवीस वर्षं क्लेम तपासायचं काम. घर होतं, मागे अंगण होतं, अंगणात पीचचं झाड होतं. मग कंपनीने ते काम उचललं आणि दुसरीकडे नेलं.

"कुठे?" पद्मजाने विचारलं.

"पुणे. कधी गेलीयेस?"

पद्मजाने चहाचा मोठा घोट घेतला. "मी तिथलीच."

डार्लीनने चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला, तिला नीट पाहिलं आणि पोट धरून हसायला लागली. "म्हणजे माझं काम तुझ्या गावाला गेलं आणि मी तुझ्या घरात आले! फिट्टंफाट तरी झाली म्हणायची." तिने रुमालाने डोळे पुसले. "पेपरवाले म्हणतात मिडल क्लासातली माणसं खाली घसरतायत. आणि मी किराणा घेऊन तीन मजले चढते रोज."

"आमचे काका म्हणतात, सगळे वर गेलेत."

"तुझ्या काकांना सांग, जिन्यात मी भेटले होते."

पद्मजालाही हसू आवरेना. त्या हसण्यातच तिने हॉलचं सगळं सांगून टाकलं: बुकिंग, कागदाची मागची बाजू, शंभर माणसं. "आमचा एक सण असतो, त्यात एक देव..."

"हत्ती," डार्लीन म्हणाली. "माहितीये. शुभाची सुट्टी."

"कोण शुभा?"

"माझ्या जागी घेतलेली मुलगी. पाच महिने फोनवरून शिकवलं तिला मी सगळं. शिकवून झालं की घरी जा, असं सांगितलेलं कंपनीने. पोरगी हुशार. ऐन घाईच्या दिवसांत म्हणाली, मॅडम, उद्या येणार नाही, आमच्या घरी हत्ती येतोय. मी म्हटलं, हे कारण मी चोवीस वर्षांत ऐकलं नव्हतं." तिने झांज मांडीवर ठेवली. "ते मोदक काय ते. शेंडी मोडायची आणि आत तूप ओतायचं. सांगून सांगून जीव खाल्ला माझा, पण फोनवरून खायला थोडंच मिळतं?"

"तुम्ही हॉल बुक केलात तर हवे तेवढे मोदक."

"करते. पण होस्ट मी असेन तर नियम माझे. आत ज्योत पेटवायची नाही. आणि मला कोपऱ्यात बसवायचं नाही. तुमच्यात होस्ट करतो काय?"

"पूजेला बसतो," पद्मजा बोलून गेली.

बातमी कॅरीभर पसरायला एक संध्याकाळ पुरली. चारुताचा फोन लगेच. "पद्मजा, तू काय कबूल करून आलीस? ती पूजा करणार? यार, लोक काय म्हणतील!"

"मग तुझ्याकडे करू या. तुझी फॉर्मल लिव्हिंग रिकामीच असते."

"नाही, म्हणजे बाई चांगली असेल, प्रश्नच नाही," चारुता म्हणाली.

उल्हासकाकांनी निकाल दिला. ज्याच्या घरी गणपती तो यजमान. मेपल रन घर, डार्लीन भाडेकरू, तेव्हा यजमानीण तीच. "आणि तिला चौरंगासमोर मांडी घालून बसवू नका, गुडघे माझ्याइतकेच जुने असतील. खुर्ची द्या."

रविवारी डार्लीन चर्चमधून थेट आली, फुलाफुलांच्या पोशाखात आणि टोपीत. भटजी म्हणजे एका बँकेत डेटाबेस सांभाळणारे गृहस्थ होते. ते म्हणतील तिथे ती पाणी सोडत होती, म्हणतील तिथे फूल वाहत होती. गोत्र विचारलं तेव्हा तिने आपल्या चर्चचा पंथ सांगितला, "मेथडिस्ट." भटजींनी डोळे मिटून काश्यप म्हटलं आणि पुढे गेले.

आरतीची वेळ झाली. आत ज्योत नाही म्हणजे नाही; डार्लीन दारातच उभी राहिली. मग गणपती खिडकीशी सरकवला, काच उघडली आणि सव्वाशे माणसं निरांजनं घेऊन बाहेर तलावाच्या काठावर गेली. पाण्यात मेपल रनचे दोन भाडेकरू पोहत होते. ते कठड्याला धरून टाळ्या वाजवायला लागले. डार्लीनने झांजा हातात घेतल्या आणि अशा काही वाजवल्या की आरती चालीवर होती आणि झांज तिच्या मर्जीवर. आरतीने तिच्यामागे धावायला सुरुवात केली. दुसऱ्या आरतीला माणसं धापा टाकत होती, तिसऱ्या आरतीला काकांचा सदरा बाहेर आला होता. पोरं हसून हसून गवतावर लोळत होती. नेत्रा ओरडली, "आई, शी इज ऑसम!" पद्मजाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसण्याचं होतं, आणि दोन आठवडे मानेवर बसलेलं ओझं उतरल्याचं होतं.

जेवताना डार्लीनने मोदकाची शेंडी मोडली, तूप ओतलं, खाल्ला आणि डोळे मिटून म्हणाली, "त्या पोरीने काहीच फुगवून सांगितलं नव्हतं." मग आणखी पाच खाल्ले.

काका खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. चेहरा अतिशय प्रेमळ. "डार्लीन, तुमचं इथलं लीज किती दिवसांचं?"

"एक वर्षाचं."

"पुढे वाढवणार ना? इथे फार छान आहे. शांत आहे."

"जिना चढला की व्यायाम होतो," चारुता म्हणाली.

"घर घ्यायची घाई करू नका," आणखी कुणीतरी म्हणालं. "मार्केट खाली येणार आहे."

डार्लीनने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. "माझ्या चर्चमध्ये सगळे प्रार्थना करतात की मला पुन्हा घर मिळो," ती म्हणाली. "मिळू नये म्हणून प्रार्थना करणारी माणसं आज पहिल्यांदा भेटली."

हशा उसळला. काका सगळ्यात मोठ्याने हसले आणि सगळ्यात आधी थांबले. पद्मजाला हसू आलं नाही. हीच वाक्यं, हाच प्रेमळ आवाज तिने उन्हाळाभर ऐकला होता.

"पुढच्या वर्षी गणपती माझ्याकडे," ती म्हणाली.

"कार्पेट?" चारुता किंचाळलीच.

"उचकटून टाकते. लाकडी फरशी घालते."

"बघतो ना," चंद्रशेखर सवयीने म्हणाला. मग तिच्याकडे पाहून म्हणाला, "नाही, घालू या."

"गाड्या कुठे लावायच्या शंभर माणसांनी?"

"कॅरीत रस्ते आहेत. उतरून चाला थोडं."

सामान आवरताना चंद्रशेखरने ट्रंक आपल्या गाडीत चढवली. मखर आलं, समया आल्या, कमानी आल्या. झांजा दिसेनात. त्या डार्लीनच्या पर्समधून डोकावत होत्या.

"पुढच्या वर्षी बोलवायला विसरलात तर?" ती म्हणाली. "मी जिथे असेन तिथून घेऊन येईन. घरातून किंवा तिसऱ्या मजल्यावरून."

मंगळवारी चारुताचा फोन आला. लाकडी फरशी बसवणाऱ्याचा नंबर द्यायला. दोन घरांचं एकदम सांगितलं तर तो कमी भावात करतो, असं तिने चौकशी करून ठेवलं होतं.