बोटाला थुंकी लावून वळलेली लोकर

मंगळवारी दुपारी बोरीतल्या माझ्या दुकानात बसलो होतो आणि एकाएकी घराकडे पळत सुटायची वेळ आली. चार दिवस झाले, आज हे लिहायला बसलोय...

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दोन महिन्यांपासून मला मासे धरायचे जिग घरीच बनवायचं खूळ लागलंय. जिग म्हणजे डोक्याशी शिशाचा मणी असलेला गळ. त्याला लोकरीचं अंग चढवलं की पाण्यात तो किड्यासारखा दिसतो आणि मासा फसतो.

अंग चढवायच्या त्या तंतूंना डबिंग म्हणतात. चिमूटभर तंतू दोऱ्यावर ठेवून दोन बोटांत एकाच दिशेने वळायचे... दोरा केसाळ झाला की गळावर गुंडाळायचा. ऑनलाइन पुड्या मिळतात, पण मेंढरांच्या गावात राहून लोकर कुरियरने मागवायची म्हणजे कमालच की!

म्हणून शेजारच्या मारोतीमामांकडून कोकरांची मऊ लोकर आणली, पिशवीभर. ज्यावरून शिकलो त्या व्हिडिओतला माणूस दोऱ्याला मेण लावत होता. माझ्याकडे मेण कुठलं... बोट जिभेला लावलं आणि वळलं. झकास जमलं.

माझ्या बायकोला, मनीषाला, सातवा महिना चालू आहे. घरात बसून कंटाळते म्हणून मीच तिला हे शिकवलं. 'बोटाला थुंकी लाव, मग वळ' असं सांगणाराही मीच. आठवडाभर ती दुपारी घरी वळत होती आणि मी दुकानात.

तर मंगळवारी मारोतीमामा मोबाईल दाखवायला आले. मी काउंटरवर लोकर वळत होतो. माझं बोट जिभेवर बघून ते जागच्या जागी थांबले.

"लोकर धुतली न्हाई का तुमी?"

"नाही मामा, तशीच आहे."

"आरं देवा! गोचिडाचं औषध मारल्यालं हाय की तिच्यावर. कातरायच्या दोन दिस आधीच मारलं. लय जहाल असतंय ते! मला वाटलं, उशीत भरायला नेली असंल..."

मला स्वतःची आठवणच झाली नाही. डोळ्यांपुढे फक्त मनीषा. आठवडाभर तिचं बोट, तिची जीभ... आणि पोटात बाळ. दुकान मामांच्या भरवशावर टाकून मी पळत सुटलो.

फोन लावला, उचलला नाही. परत लावला. घर पाच मिनिटांवर, पण रस्ता संपेना. दाराला आतून कडी होती. आत फोन वाजतोय हे मला बाहेर ऐकू येत होतं... मी दार बडवत होतो आणि मनात एकच, आपण आपल्या हातानं... पुढचं मनातसुद्धा म्हणवत नव्हतं.

दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप. "काय झालं? इतकं का बडवायलात?"

लोकर, औषध, थुंकी... कसंबसं सांगितलं. तिचा हात पटकन पोटावर गेला.

मग म्हणाली, "आवो, पण मी कुठं थुंकी लावली? वाती वळताना कुणी बोट उष्टं करतंय का? मी आपली राखंत बोट टेकवून वळायले. तुमी सांगितलं तवाच किळस आली मला. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई."

देवापुढच्या वाती ती राखेचं बोट लावून वळते, हे मी घरात रोज बघतो. कधी लक्षच दिलं नाही. मी उंबऱ्यावर बसलो आणि चक्क रडलो.

तरी भीती जाईना. दोघांचे हात साबणाने चोळून धुतले आणि तिला जिंतूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले, तेव्हा माझा श्वास मोकळा झाला. मग त्यांनी विचारलं, लोकरीचं बोट तोंडात नेमकं घातलं कुणी? तेव्हा कुठं लक्षात आलं, पेशंट मी होतो!

मलाही तपासलं, दोन दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. मी बरा आहे. पण बसल्या बसल्या मध्येच मनात येतं... तिनं माझं ऐकलं असतं तर?

बायको माझं ऐकत नाही, अशी तक्रार मी मित्रांत शंभरदा केली असेल. ती आज सगळ्यांसमोर मागे घेतो... मनीषा, माझं न ऐकल्याबद्दल तुझे उपकार या जन्मी फिटणार नाहीत.