आईने नाव घेतलं

आमच्या घरात बोलण्याचं खातं आईकडे होतं. बाबा निवृत्त कारकून, मितभाषी. "जरा गप्प बस" हे त्यांचं दिवसातलं सर्वांत लांब वाक्य. मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीत कुठल्या मुलीला स्थळ आलं, हे त्या मुलीच्या आधी आईला कळायचं. मग तिला पक्षाघात झाला. उजवा हात बऱ्यापैकी सावरला, पण बोलणं गेलं. उरला एकच शब्द, "हो". चहा हवा? हो. नको? हो. तिला कळत सगळं होतं, शब्द तेवढे सापडत नव्हते. बाबा दिवसभर टीव्ही लावून ठेवायला लागले, बघत मात्र नसत. ही आता कधीच बोलली नाही तर, असं त्यांनी एकदा भांडी विसळताना मला विचारलं, तेव्हा मला रडू आलं.

संक्रांतीला शेजारणी हळदीकुंकवासाठी आमच्याकडेच आल्या. एकजण सवयीने बोलून गेली, "वहिनी, नाव घ्या." मला तिचा असा राग आला म्हणता! आणि आईने मान जराशी खाली घालून लग्नातला उखाणा घडाघडा म्हटला:

"जीवदानीच्या डोंगराला पायऱ्या हजार,
अमुकरावांच्या साथीने सुखाचा संसार."

नाव अर्थातच अमुकराव नव्हतं, खरं होतं. आत तिळगूळ भरणारे बाबा हातातल्या डब्यासकट बाहेर आले. "बरं वाटतंय का गं?" त्यांनी विचारलं. "हो," आई म्हणाली. गाडी पुन्हा तिथेच.

आईला बोलायला शिकवणारी थेरपिस्ट मात्र खूश झाली. "रस्ता खोदला की रिक्षावाला गल्लीतून काढतो ना? मेंदूही तसंच करतो," ती म्हणाली. "पाठ असलेलं, तालातलं बोलणं वेगळ्या वाटेने येतं. त्याच वाटेने रोज ये-जा करा, ती रुळेल. फक्त काकूंना आयतं काही देऊ नका, आधी तोंडाने मागू दे."

झालं. जन्मभर अर्ज-विनंत्या लिहिलेले बाबा कवी झाले. आईच्या डाव्या हातावर ताल धरून सकाळी दोघं म्हणायची, "कपात कप, बशीवर बशी, चहावाचून सकाळ कशी?" पाण्याचा उखाणा इतका भिकार होता की आईने कपाळावर हात मारला. काही दिवस काहीच यायचं नाही. चहा निवायचा आणि दोघं दोन खोल्यांत रुसून बसायची. पण हळूहळू अख्ख्या उखाण्याचा अर्धा झाला आणि एका सकाळी नुसता "चहा" आला. त्या दिवशी बाबांनी तिला तीनदा चहा पाजला.

पुढे पावसाळा सरल्यावरची गोष्ट. बाबा बाजाराला निघाले आणि पिशवी दारामागेच राहिली. कधी नव्हे ते विसरले. आईला बाल्कनीतून ते रिकाम्या हाताने जाताना दिसले. तिला "अहो" म्हणायचं होतं, ते सापडेना. मग तिने हाक मारली ती सरळ नावाने. राव नाही, उखाणा नाही, शाळेतल्या पोराला मारावी तशी खणखणीत. बाबा फाटकापाशी थबकले. त्या नावाने त्यांना फक्त आजी हाक मारायची.

आईने जीभ चावली. "पिशवी," ती पुटपुटली.

बाबा तीन जिने चढून वर आले, पिशवी घेतली, आईकडे एकदा बघितलं आणि गेले. त्यांचे कान लाल झाले होते.

हल्ली आई पुष्कळ बोलते, अडखळत का होईना. "अहो"सुद्धा सापडलंय. बाबा मात्र रोज पिशवी विसरून खाली जातात आणि फाटकापाशी उभे राहतात.